साडेसात लाखांचा फरक

कार्तिकी पौर्णिमा उलटली आणि २०२० च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या भावाच्या समोरच्या सदनिकेत नवे कुटुंब राहावयास आले. साथीचे दिवस, त्यामुळे स्नात्रपूजा मोजक्याच माणसांत झाली. आम्हा दोघा भावांना बोलावणे होते. प्रसाद घेताना यजमानांनी, व्यापारी माणसे जशी सहज बोलतात तसे, सांगितले, ‘‘चार हजार सहाशे पन्नासने मिळाला. पार्किंगचे वेगळे लावले नाही, मुद्रांक शुल्कही बिल्डरनेच भरले.’’ माझा भाऊ काही बोलला नाही. त्याच मजल्यावर, त्याच मापाचे घर त्याने २०१५ च्या अक्षय तृतीयेला पाच हजार चारशेने नोंदवले होते. क्षेत्र एक हजार चौरस फूट. हिशेबाला कागद लागत नाही.

हा फरक बाजाराचा, असे म्हणून मला मोकळे होता आले असते. कारणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, मे २०१७ मध्ये रेरा आला, जुलैत जीएसटी आला. गुंतवणूक म्हणून चार-चार घरे नोंदवणारा ग्राहक नाहीसा झाला आणि राहण्यासाठी घर घेणारा ‘ताबा केव्हा?’ हे आधी विचारू लागला. एप्रिल २०१९ पासून परवडणारी घरे वगळता चालू बांधकामातील घरावर पाच टक्के जीएसटी, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर काहीच नाही. मग तयार घर सोडून थांबणार कोण? त्यावर साथ आली. शासनाने १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली, तेव्हा कुठे नोंदणी कार्यालयांत पुन्हा माणसे दिसू लागली.

पण आमच्या घरची गोष्ट बाजारापाशी संपत नाही. आमचे पुण्यात रविवार पेठेत कापडाचे दुकान. वडिलांच्या काळापासून या बिल्डरकडे पेढीची रक्कम १५ टक्के व्याजाने असे. कागद नावापुरता, खरा आधार ओळखीचा. २०१४ मध्ये व्याज थकले. मी तगादा लावला, तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘रोख जमणार नाही. उंड्रीकडच्या इमारतीत घर घ्या, तुमचे बारा लाख त्यात वळते करू.’’ त्याच सुमारास आम्हा भावांची वाटणी ठरत होती. दुकान मी ठेवले. भावाच्या वाट्याला ही येणे रक्कम आणि तिच्यातून उभे राहणारे घर गेले. उरलेल्या पैशांसाठी त्याने बँकेचे कर्ज काढले. ज्याचा पैसा समोरच्याकडे अडकला आहे, तो भाव पाडून मागू शकत नाही. बिल्डर सांगेल तो दर आणि तो देईल तो मजला. मला हे तेव्हाही कळत होते. भावाला मात्र मी म्हणालो होतो, ‘‘मुहूर्त चांगला आहे, हा दर पुन्हा मिळणार नाही.’’ ताबा २०१७ चा ठरला होता, तो २०१९ मध्ये मिळाला.

पूजेनंतरच्या सोमवारी मी एकटाच बिल्डरच्या कार्यालयात गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्यांनी न विकलेल्या घरांची यादी पुढे ठेवली. ३१ घरे होती, आणि प्रत्येकावर व्याज चालू होते. ‘‘शेठ, सीझन संपल्यावर उरलेल्या मालाचे तुम्ही काय करता?’’ त्यांनी विचारले.

दरपत्रकावर त्यांनी अखेरपर्यंत जुनाच आकडा ठेवला होता. भाव उघडपणे उतरवला तर जुने ग्राहक दारात उभे राहतात आणि कर्ज देणारी बँक तारणाचे मूल्य कमी धरते. म्हणून आधी मॉड्युलर किचन, मग सोन्याचे नाणे, मग ‘आज २० टक्के, बाकी ताब्याच्या वेळी’, मग पार्किंग. दर सगळ्यांत शेवटी, तोही बंद दाराआड. दुसरी अडचण प्राप्तिकराची. करारातील किंमत रेडी रेकनरच्या मूल्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक खाली गेली, की कलम ४३सीएप्रमाणे तो फरक बिल्डरचे उत्पन्न धरला जाई, आणि घेणाऱ्यालाही कराचा फटका बसे. १२ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्राने दोन कोटींपर्यंतच्या घरांच्या पहिल्या विक्रीसाठी ही मर्यादा ३० जून २०२१ पर्यंत वीस टक्के केली. समोरचे घर दिवाळीनंतरच्या आठवड्यात विकले गेले, ते याच वाटेने.

मला उत्तर सुचले नाही. लग्नसराई उलटली की आम्हीही उरलेल्या साड्यांना सेल लावतो. महिनाभर आधी पूर्ण भावाने नेणाऱ्याला कोण विचारतो? अर्थात साडी घेणारी बाई वीस वर्षे हप्ते भरत नाही. वडील मात्र एक नियम पाळीत. सेलच्या आठ दिवस आधी कोणी ओळखीचे गिऱ्हाईक पूर्ण भावाने माल घेऊन गेले असेल, तर पुढच्या खरेदीत तेवढा फरक ते वळता करीत. दुकान हाती आल्यावर मी तो नियम बंद केला. संगणकावरील बिलात बसत नाही, असे कारण सांगितले होते.

त्या संध्याकाळी भावाला सर्व सांगितले, २०१४ चे थकलेले व्याज धरून. तो बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला.

‘‘दादा, भाव उतरला याचं काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘मीही गल्ल्यावर बसलोय. पण व्याज थकलंय हे तुला माहीत होतं, मला नव्हतं.’’

मार्चअखेरीस हिशेब लावताना मी त्याच्या खात्यावर ३ लाख ७५ हजार रुपये जमा केले. ‘‘पूर्ण का नाही?’’ असे सौ.ने विचारले. उरलेला अर्धा फरक बाजाराचा, असे मी उत्तर दिले. ते देताना मी वहीतून मान वर केली नाही. भावाने ती रक्कम अद्याप उचललेली नाही. रविवारी तो दुकानात येतो, चहा घेतो, मुलांच्या शाळेचे बोलतो आणि वहीकडे न पाहता निघून जातो.