शेवटची फवारणी केव्हा?

सोलापूरच्या बाजार समितीत तीन पिढ्यांची फळांची आडत असलेल्या एका घरात फळे धुण्याचा मान आजही आक्कांचाच आहे. स्वयंपाकघर सूनबाईंच्या हाती केव्हाच गेले. पण गाळ्यावरून फळांची पेटी आली की ती प्रथम आक्कांच्या पुढ्यात उघडली जाते. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, हा तज्ज्ञांचा सल्ला त्यांना मान्य आहे. परंतु नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येणारे हे शहर, आणि पाण्याचा थेंबही विनाकारण सांडू नये हा घरचा संस्कार. म्हणून त्यांची रीत तीन पातेल्यांची. पहिल्यात धूळ-माती जाते, दुसऱ्यात फळ हलक्या हाताने चोळले जाते, तिसऱ्यात विसळून स्वच्छ पंचावर पसरले जाते. द्राक्षांचा घड त्या कधी सबंध बुडवीत नाहीत. कात्रीने त्याचे लहान लहान झुबके करतात, कारण दाट घडाच्या पोटात पाणी पोचत नाही. आणि धुतात तेही खाण्यापूर्वीच. ओली द्राक्षे ठेवली की रात्रीत नासतात, हे आडत्याच्या घरात कोणी कोणाला शिकवावे लागत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतील गोष्ट. मुलाने दुपारी सोनाका द्राक्षांची एक पेटी घरी पाठविली. सोनाका ही जातच मुळी सोलापूरजवळच्या नान्नजची; लांबट, सोनसळी मणी, त्यामुळे घरात तिचे कौतुक अधिक. आक्कांनी घड उजेडात धरला. द्राक्षावर जो पांढुरका, बोटाने पुसला जाणारा थर असतो तो त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. तो फळाचा स्वतःचाच मेणासारखा थर. पुष्कळ लोक त्याला औषध समजून घाबरतात, वस्तुतः तो ताजेपणाची खूण. ह्या मण्यांवर मात्र निराळेच काही होते. थेंब ओघळून मण्याच्या तळाशी वाळावा तसे डाग, आणि पेटी उघडताच नाकाला झोंबणारा उग्र दर्प. तीन पाण्यांतून काढल्यावरही डाग पुरते गेले नाहीत.

संध्याकाळी मुलगा घरी आला. त्याने एक मणी हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "औषधाचे डाग आहेत, आक्का. सोडा घालून धू की, जातील."

आक्का म्हणाल्या, "आपल्याकडं तीन पातेली आहेत, सोडा आहे, मी रिकामी बसलेली आहे. सकाळी ह्याच मालाच्या पेट्या ज्यांनी नेल्या, त्यांच्या घरी कोण आहे?"

मुलाजवळ उत्तर नव्हते. त्या लॉटच्या बऱ्याचशा पेट्या सकाळीच विकल्या गेल्या होत्या.

सोड्याचा उपाय ह्या घरात नातीने आणला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये सफरचंदांवर केलेला प्रयोग तिच्या वाचनात आला होता. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात, म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे दोन चमचे सोडा घालून, 12 ते 15 मिनिटे फळ ठेवले असता सालीवरील दोन औषधांचे अंश साध्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक निघाले. परंतु सालीच्या आत शिरलेला अंश सोड्यालाही काढता आला नाही. व्हिनेगरचाही सल्ला अनेक जण देतात. ते आंबवून तयार होते म्हणून ह्या घरात येत नाही. भांड्यांचा साबण तर फळाला कधीच लावू नये, तो सालीत मुरतो.

सफरचंदांपुरता आक्कांनी वेगळाच निर्णय घेतला आहे. चकाकणाऱ्या सफरचंदावर मेण चढविलेले असू शकते. कायद्याने त्यासाठी मधमाश्यांचे मेण, लाखेच्या किड्यापासून होणारे शेलॅक आणि ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरील कार्नोबा मेण ह्यांना परवानगी आहे, आणि कोणते मेण वापरले ते लेबलवर लिहिणे बंधनकारक आहे. पण हातगाड्यावरील सुट्या सफरचंदाला लेबल कुठले? आक्का नखाने साल खरवडून पाहतात. नखात पांढरा भुगा आला की ते फळ घरात येत नाही.

द्राक्षांच्या त्या पेटीने मुलाची झोप मात्र उडविली. त्याला 2010 चा हंगाम आठवला. त्या वर्षी युरोपच्या बंदरांवर भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीची अतिरिक्त वाढ रोखण्यासाठी बागाईतदार ते वापरीत, त्याला ते 'सीसीसी' म्हणत. घड तयार होण्याच्या कितीतरी आधी मारलेले ते औषध वेलीच्या अंगी भिनून फळात उतरले होते. कितीही पातेली पाणी घेतले तरी ते निघण्यासारखे नव्हते. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागाईतदार दोघेही बुडाले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी अधिक कडक झाली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कोणत्या औषधानंतर किती दिवस घड तोडू नये ह्याची यादीच प्रसिद्ध करते. कुठे आठवडा पुरतो, कुठे महिना-दीड महिना थांबावे लागते. हे सारे परदेशी जाणाऱ्या मालासाठी काटेकोर. सोलापूरच्या मंडईत जाणाऱ्या पेटीला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यानेही इतक्या वर्षांत विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने माल आणणाऱ्या शेतकऱ्याला फोन लावला. "अण्णा, शेवटची फवारणी केव्हा केली होती?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग उत्तर आले, "सहा दिवस झाले, शेठ. ढगाळ हवा होती, डावणी येईल अशी भीती. पण एक विचारू का? डाग पडलेला माल तुमच्या गाळ्यावर निम्म्या भावानं जातो. मग मी फवारू नको तर काय करू?"

ह्या प्रश्नाचा हिशोब वहीत मांडता येण्यासारखा नव्हता. शेतकऱ्याने त्याच गाळ्यावरून उचल घेतली होती. ती फेडायची तर माल देखणा हवा, आणि माल देखणा हवा तर फवारा हवा. उरलेल्या पेट्या मुलाने विक्रीतून काढल्या आणि त्यांची पट्टी स्वतःच्या पदरची केली. तरीही शेतकरी दुखावला. पुढच्या तोडणीचा माल तो शेजारच्या गाळ्यावर घेऊन गेला. सकाळी विकल्या गेलेल्या पेट्यांचे तर काहीच करता आले नाही.

पुढील हंगामापासून आवकेच्या वहीत 'शेवटची फवारणी' असा एक रकाना आला. काही शेतकरी तारीख सांगू लागले, एक-दोघे फवारणीची नोंदवहीच दाखवू लागले. पुष्कळांचा रकाना कोराच राही. तारीख सांगणाऱ्याच्या मालावर किरकोळ डाग असले तरी मुलगा लिलावात ते घेणाऱ्यांना मोकळेपणाने सांगे आणि भाव धरून ठेवण्याची खटपट करी. कधी जमे, कधी न जमे. घरी पेटी पाठविताना मात्र तो रकाना भरलेल्या लॉटमधूनच निवडून पाठवी.

हे आक्कांच्या ध्यानी यायला आठ दिवस लागले. तिसऱ्या पातेल्यातून घड काढीत त्यांनी विचारले, "कोऱ्या रकान्याची पेटी घरी का येत नाही रे?"

त्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून घरची पेटी तो निवडीत नाही. गाळ्यावरचा हमाल त्या दिवशी विकल्या जाणाऱ्या कोणत्याही लॉटमधून हाताला येईल ती उचलतो आणि घरी पोचवितो. पेटीवर लॉटचा क्रमांक असतो. आक्का तो आधी वाचून घेतात, आणि मग पातेली मांडतात.