पिंपळापर्यंतचा पाऊस

महाबळेश्वरहून पाचगणी गाठायची, पसरणीचा घाट उतरायचा आणि वाईत यायचं. रस्ता जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरचा. वर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, खाली वाईत हजाराच्याही आत. तसंच पूर्वेला फलटणकडे निघालं की पाचशेच्या आसपास. पीकपाण्यासाठी हवामानाचे विभाग पाडून त्यांचे नकाशे करण्यात माझी उमर गेली आणि सगळ्यात जास्त खोडरबर झिजलं ते या एवढ्याशा पट्ट्यावर.

महाराष्ट्राचे कृषी-हवामान विभाग नऊ. कोकणचे दोन, मग घाटमाथा, उपपर्वतीय विभाग, पश्चिम महाराष्ट्राचं मैदान, अवर्षणप्रवण पट्टा आणि पुढे मराठवाडा-विदर्भातले तीन. घाटाला लागून पूर्वेकडच्या पट्ट्यांना आम्ही संक्रमण विभाग म्हणतो. घाटमाथ्याचं मला कधी अवघड वाटलं नाही. तिथे भात, नाचणी, वरी ठरलेलीच. माणदेशाचंही कळतं, तिथली बाजरी आणि ज्वारी स्वतःच बोलते. जीव अडकतो तो मधल्या पट्ट्यात. भात निघेल अशी आशा पाऊस तिथे दाखवतो, पण शेवटपर्यंत साथ देईलच असं नाही.

व्लादिमिर केपेन या शास्त्रज्ञाने 1900 साली जगाच्या हवामानाचं वर्गीकरण मांडलं ते वनस्पतींच्या आधाराने. कुठे काय उगवतं हे आधी पाहायचं, तापमान-पावसाचे आकडे त्याला जुळवायचे. त्याच्या पद्धतीत आपलं कोकण एका गटात बसतं आणि घाटापलीकडचा कोरडा देश दुसऱ्यात. जगाच्या नकाशाला तेवढं पुरे. वाईच्या शेतकऱ्याला पुरत नाही. त्याला हवं असतं ते एवढंच, की पेरल्यापासून किती दिवस मुळाशी ओल राहील.

त्या दिवसांना आम्ही पीकवाढीचा कालावधी म्हणतो. ऊन-वाऱ्याने जमिनीतून आणि पानांतून जेवढं पाणी उडून जाऊ शकतं त्याच्या निम्म्याहून जास्त पाऊस पडू लागला की हा कालावधी सुरू झाला असं धरतात. पाऊस त्याच्या खाली उतरला तरी तो लगेच संपत नाही, जमिनीने साठवलेली ओल उडेपर्यंत चालतो. इथे खरी गंमत जमिनीची. मुरमाड माळावर आणि खोल काळ्या रानात एकच पाऊस पडतो, पण माळ आठवड्याभरात कोरडा ठाक होतो आणि काळं रान दिवाळीनंतरही पीक पोसतं. सोलापूरकडे सप्टेंबरचा पाऊस काळ्या मातीत मुरला की त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी थंडीत निघते. म्हणून नुसत्या पावसाच्या आकड्यांवर रेघ ओढणारा माणूस माझ्या मते अर्धंच काम करतो.

हे मी आज ठामपणे सांगते, कारण मीही एकदा तसंच अर्धं काम केलं होतं. दोन पर्जन्यमापकांच्या मधे आकडे नसतात. तिथे समपर्जन्य रेषा कुठून वळवायची हे हातच ठरवतो. माझा हात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाच्या पूर्वेकडून वळला. गाव जास्त पावसाच्या बाजूला गेलं आणि त्या विभागासाठी शिफारस केलेला उशिरा तयार होणारा भात तिथे लागला. सप्टेंबर सरता सरता पाऊस तुटला. मी गेले तेव्हा लोंब्या ताठ उभ्या होत्या. दाणा भरला असता तर त्या वाकल्या असत्या. एका आबांनी लोंबी तोडून माझ्या तळहातावर चुरली, फुंकर मारली. तळहातावर काहीच उरलं नाही. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बांधावर उभं राहून ते म्हणाले, "ताई, पाऊस त्या पिंपळापातूर येतो. तिथनं माघारी फिरतो. आमच्या बापानं पिंपळाच्या अलीकडं भात कधी लावला न्हाई."

पुढच्या मृगाला मी दोन पर्जन्यमापक घेऊन गेले. एक पिंपळाच्या वरच्या अंगाला उघड्यावर बसवला, दुसरा खाली आबांच्या खळ्याजवळ. सकाळी साडेआठला मोजायचं, काचेचं मापनपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, हे त्यांच्या मुलाला शिकवलं. तरण्या पावसातल्या एका सकाळी मी स्वतः मोजायला होते. वरच्या मापकातल्या पाण्याने पात्र निम्म्याच्या वर भरलं. खालच्यातल्या पाण्याने तळ कसाबसा झाकला. पिंपळ मधे शांत उभा होता, पानं एका बाजूने ओली.

तेव्हापासून मी त्या भागात एकेरी रेघ ओढत नाही. तिरक्या रेघांचा पट्टा भरते आणि पट्ट्यातल्या गावांसाठी जमिनीची खोली वेगळी नोंदवते. छापताना असा पट्टा अडचणीचा होतो, कारण गाव एका कुठल्यातरी रकान्यात बसवायचं असतं. त्यावरून मी पुष्कळदा भांडले आहे आणि पुढेही भांडेन.

आबा आता नाहीत. मुलगा अजून मोजतो. परवा साडेआठ वाजून गेल्यावर त्याचा फोन आला, "ताई, काल रातच्याला पिंपळ ओलांडला बघा." मी वही उघडली आणि आकडा विचारला.