अठरा पुरी झाली की

कायद्यानं माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. त्या दिवसापासून बालगृहातल्या लेकराला वाट धरावी लागते, मग ते मुकं असो की आंधळं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात पुढं 21 वर्षांपर्यंत आधार द्यायची सोय लिहिलेली आहे. माझ्या चुलतभावाच्या पोराच्या वाट्याला ती आली नाही. मायबाप आधीच गेलेले. मुकं-बहिरं पोरगं पत्र्याची पेटी अन् कागदांची पिशवी घेऊन कळमनुरीला आमच्या दारात उतरलं.

कामाला ते वाघ. पैसा मात्र कळत नव्हता. बारा वर्षं ताट समोर आलेलं, दहाच्या नोटेत काय येतं हे कोण सांगणार? मेथीची जुडी आणायला धाडलं, तर शंभराची नोट देऊन उरलेले पैसे न घेताच आलं.

कागदांची गत न्यारीच. आधारवर पत्ता संस्थेचा, म्हणून रेशनकार्डात नाव चढंना. रेशनकार्ड नाही म्हणून निराधारचा अर्ज कुणी घेईना. एका कचेरीत साहेब म्हणाले, "त्यालाच बोलू द्या की." मी म्हनलं, "साहेब, तेच तर सर्टिफिकेटावर लिवलंय."

हळद शिजवताना त्याची खरी पारख झाली. वाफेकडं बघून, काडी टोचून कढई कधी उतरवायची ते बरोबर सांगतं. तरी गडी म्हणाले, "मुक्याला अर्धी मजुरी द्या, काका." मी पुरी दिली. हात काही मुके नाहीत त्याचे.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस अपंग लेकरांना अठराव्या वर्षी बाहेर काढलंच नाही. आपलं नाव दिलं, लेकींची लग्नं लावली. अशा लेकरांना जन्मभर राहता यावं असा कायदा करा, म्हणून ते सरकारच्या मागं लागले. 2024 ला त्यांना पद्मश्री मिळाली. पण प्रत्येक तालुक्याला असा बाबा कुठून आणायचा? निदान पंधराव्या वर्षापासून तरी संस्थांनी लेकरांना बाजारात न्यावं, बँकेत उभं करावं, अन् गावाकडचं कोण सांभाळणार ते आधीच हुडकावं.

मी पासष्टीच्या पुढं गेलो. आता थोरली सून त्याच्या खुणा शिकतीय. भूक अन् पाऊस कळतो तिला. दुखतंय कुठं, ते अजून नीट कळत नाही.