किल्ली, चावी आणि चाबी

कुलूप उघडण्याच्या साधनाला आपल्या घरी काय म्हणतात? या साध्या प्रश्नावरून आमच्या दिल्लीतील घरात गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस अबोला होता. रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंना माझी लेक म्हणाली, "आजी, कपाटाची चाबी दे." त्यांचा चेहराच उतरला. "किल्ली म्हण, निदान चावी तरी म्हण, मग देईन." मराठी या घरातून चालली, हे भय त्या हट्टामागे होते. खरे सांगायचे तर ते माझेही होते. भाषांतरे तपासणे हाच माझा व्यवसाय; इतरांच्या मजकुरातील 'चाबी' मी कितीदा तरी लाल शाईने खोडली आहे.

अखेर एका रात्री कोश काढून बसले. चावी मुळात पोर्तुगिजांची. लॅटिन 'क्लाविस'पासून ती त्यांच्या भाषेत घडली आणि १४९८ नंतर त्यांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागू लागली, तेव्हा बटाटा, पगार यांच्यासारखीच तीही आपल्याकडे उतरली. मराठी, कोंकणी व गुजराती यांनी तिच्यातील 'व' राखला. हिंदी आणि बंगालीत त्याचा 'ब' झाला, जसे आपल्या 'वीस'चे हिंदीत 'बीस' होते. तमिळ भाषिक 'सावी' म्हणतात. मला खरी मौज वाटली ती आरंभीच्या 'च'ची. सोळाव्या शतकातले पोर्तुगीज तो 'चार'मधल्या 'च'सारखा उच्चारीत. पुढे लिस्बनकडे त्याचा 'श' झाला. माहेरी हरवलेला उच्चार सासरी मात्र सुखरूप राहिला! त्यातही सासूबाईंच्या 'चावी'तला 'च' आहे 'चाक'मधला आणि लेकीच्या 'चाबी'तला 'चार'मधला. म्हणजे त्या एका अक्षरापुरती तरी नातच मुळाशी अधिक जवळ!

सकाळी हे सारे सासूबाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कुलूप तरी आपले ना?"

मी क्षणभर घुटमळले. कुलूप म्हणजे अरबी 'कुफ्ल'. फारसीच्या वाटेने मराठीत येईतो त्यातील 'फ' आणि 'ल' यांनी जागांची अदलाबदल केलेली. तेही सांगावेच लागले.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग कमरेचा जुडगा काढून त्यांनी नातीच्या हाती ठेवला. "घे तुझी चाबी," त्या म्हणाल्या, "पण मला रत्नागिरीला पत्र लिहिशील, त्यात किल्लीच लिही हो."