ती रात्र कोरडी नव्हती

मामांचा फोन सकाळी अकराला आला. "काल संध्याकाळी सर येऊन गेली. रात्री बागेत ओल किती तास राहिली, ते बघ बरं." मी पुण्यात होतो. मोबाइलवर आलेख उघडला. संध्याकाळी सहाला आर्द्रता 68 टक्के, सकाळी दहाला 64, आणि मध्ये एक सरळ रेघ. "मामा, रात्र कोरडीच गेली," असं मी सांगून टाकलं. त्यांनी फवारणी दोन दिवस पुढे ढकलली. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस होते, कोवळे घड बाहेर पडलेले. आठवड्याभरात खालच्या बाजूच्या ओळींत ओलीत पसरणारा डावणी रोग दिसला.

त्या सोळा तासांची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. आलेखाने दोन टोकं जोडली होती आणि मी ती जोडरेघ मोजमाप म्हणून वाचली.

आर्द्रता मोजायला मी बागेत बसवलेल्या डबीत ईएसपी8266 ही चिप होती, तिच्यावर मायक्रोपायथन. डेमियन जॉर्ज यांनी 2013 साली लोकवर्गणीतून उभा केलेला हा प्रकल्प पायथन अशा चिमुकल्या चिपांवर चालवतो. या चिपवर आपल्या प्रोग्रामच्या वाट्याला साधारण 36 किलोबाइट मेमरी येते. हा आकडा मला पाठ होता, पण प्रोग्राम मात्र मी लॅपटॉपवर लिहितो तसाच लिहिला. दर पाच मिनिटांनी एक डिक्शनरी करायची, यादीत टाकायची, नेट असेल तर पाठवायची. नेट नसेल तर यादी वाढू द्यायची आणि नेट आलं की सगळी एका जेसॉनमध्ये गुंफून पाठवायची. पुण्यात टेबलावर राउटर वीस मिनिटं बंद ठेवून मी हे तपासलं होतं. म्हणजे चार नोंदी.

पावसाबरोबर गावातली वीज जाते, विजेबरोबर राउटर जातो. डबी बॅटरीवर, ती चालूच. त्या रात्री 192 नोंदी साठल्या. दहाला वीज आली आणि प्रोग्रामने साडेआठ हजार बाइटांच्या आसपासचा एकसंध मजकूर तयार करायला घेतला. तेवढी सलग जागा मिळाली नाही. मेमरीएरर आला, आणि तो मीच गिळायला सांगितलेला होता: कुठलीही चूक आली तर पुढे जा. खाली फायनलीमध्ये, म्हणजे चूक येवो न येवो चालणाऱ्या भागात, यादी रिकामी करायची ओळ होती. ती इमानाने चालली.

हे कळायला मला तीन आठवडे लागले, कारण आधी मी सेन्सरवर संशय घेतला, मग बॅटरीवर. मामांनी ओढलेल्या वायरलाही दोष दिला आणि त्यांना ती बदलायला लावली. ते मला आजही टोचतं. नंतर नेट तोडून तीच लांबलचक रात्र घरी पुन्हा घडवली, तेव्हा मोकळी मेमरी अकरा हजार बाइट दिसत होती. मग अडतं कुठे? मी जागोजागी कचरा, म्हणजे वापरून झालेली मेमरी, गोळा करायची आज्ञा पेरली. फरक शून्य. शेवटी मेमरीचा नकाशा छापून पाहिला. मायक्रोपायथन या चिपवर मेमरीचे सोळा-सोळा बाइटांचे तुकडे पाडतं, आणि नकाशात मोकळा तुकडा टिंबाने दाखवतं. टिंबं पुष्कळ होती, पण सगळीकडे विखुरलेली.

एसटीत वीस जागा रिकाम्या असतात, पण प्रत्येक बाकावर एकेक माणूस बसलेला. शेजारी-शेजारी बसायचं म्हणणाऱ्या कुटुंबाला जागा नाहीच. मायक्रोपायथनचा कचरा-संकलक उतरलेल्यांच्या जागा मोकळ्या करतो, बसलेल्यांना सरकवत नाही. त्यामुळे माझ्या आज्ञांचा उपयोग होणार नव्हता.

एका मित्राचं म्हणणं, हे सी भाषेत लिहिलं असतंस तर झालंच नसतं. मला ते पटत नाही. सीमध्येही मागून घेतलेली मेमरी अशीच विखुरते. आर्डुइनोवर स्ट्रिंगांना स्ट्रिंगा जोडत बसलो असतो तर हाच खड्डा होता. उलट पायथनमुळेच मला चिपशी थेट बोलून नकाशा बघता आला.

आता सुरुवातीलाच, मेमरी कोरी असताना, 4096 बाइटांचा एक बाइटअ‍ॅरे घेऊन ठेवतो. एक नोंद आठ बाइटांची: वेळेला चार, तापमानाला दोन, आर्द्रतेला दोन. अपूर्णांक टाळायला आकडे दहापट करून पूर्णांकात. अशा 512 नोंदी बसतात, म्हणजे बेचाळीस तासांहून जास्त. ती रात्र 1536 बाइटांत मावली असती. पाठवताना दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी, आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय एकही नोंद पुसायची नाही. मोठी फाइल चिपवरच कंपाइल होताना मेमरी खाते, म्हणून ती आधी लॅपटॉपवर बाइटकोड करून चढवतो. चूक आली तर तिचं नाव आणि वेळ नोंदली जाते.

आलेखही बदलला. दोन नोंदींत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की रेघ तुटते आणि तिथे पिवळा पट्टा येतो. गेल्या पावसात मामांचा फोन आला, तेव्हा आलेखात दोन तासांचा पट्टा होता. मी म्हणालो, "मामा, नऊ ते अकराचं मला माहीत नाही. तुम्ही पानं बघून या."

"बघूनच आलोय," ते म्हणाले. "ओली आहेत."