तंबूतलं सामायिक

डिसेंबरात ताडोब्याला गेलो, मोहर्लीच्या बाजूला. तंबू नावालाच, आत पलंग, गिझर, फरशीचं बाथरूम. अडचण एकच, माझा चौविहार. दुपारच्या सफारीहून परतेपर्यंत सूर्य मावळतो. ह्यांना म्हटलं, "तुम्ही जा, मी सकाळी येते." पैसे वाया गेले म्हणून लेक रुसली.

आचाऱ्याला कांदा, लसूण, बटाटा नको हे लगेच कळलं. गाजरही नको म्हटल्यावर तो बघतच राहिला. पण पाच वाजता गरम मूगडाळ-पोळी वाढली, पाणीही उकळून दिलं.

अंधार पडला तसा एक मुलगा औषध फवारायला आला. म्हटलं, "नको भाऊ, मी दिवाच घालवते." पाखरं दिव्यावरच येतात. कटासणं टाकलं, सामायिक घेतलं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, तोच चितळ ओरडू लागले, मग सांबर. सांबर असं ओरडलं की वाघ नाहीतर बिबट्या जवळ असतो म्हणतात. बाहेर धावपळ. "ताई, लवकर या!"

48 मिनिटं उठायचं नव्हतं, उठले नाही. पण खरं सांगते मैत्रिणींनो, माळ हातात आणि कान बाहेर. मनात एकच, चितळ सुटू दे. मग वाटलं, वाघ उपाशी राहावा असं मागणारी मी कोण? तिथून पुढे एकही मणी नीट सरकला नाही.

सामायिक पारलं, मिच्छामि दुक्कडं म्हटलं, बाहेर आले. सगळं शांत. लेक दारात उभी. त्यांना वाघ दिसलाच नव्हता, आणि तिला भूक लागली होती.