बुजलेली वाट

गेल्या वर्षीच्या शरद सत्रात ल्यों येथील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून माझे वास्तव्य होते. अध्यापनातून उरलेला वेळ ग्रंथालयात घालवावा असा संकल्प होता. प्रत्यक्षात दर शनिवारी, आणि कबूल करायचे तर पुष्कळदा शुक्रवारीही, मी आगगाडीत सायकल घालून माकोंला उतरत असे आणि दक्षिण बर्गंडीतील खडीच्या व मातीच्या वाटांनी दिवसभर हिंडत असे. या वाटांवर मोटारी नसतात. तीस-चाळीस किलोमीटरांत एखादा ट्रॅक्टर, कुत्र्याला फिरवणारे एखादे वृद्ध जोडपे आणि कुंपणापलीकडून मान वळवून पाहणारी शारोले जातीची पांढरी गुरे, एवढीच काय ती सोबत.

सायकल एका सहकारी बाईंनी उसनी दिलेली. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, मुठी खाली वळलेल्या. पण टायर ४० मिलिमीटर रुंदीचे, आणि त्यांत हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे दगडावरून चाक उसळत नाही, दगडच क्षणभर टायरात रुततो. अशा सायकलीला फ्रेंच लोक हल्ली ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. शब्द इंग्रजीतून घेतलेला. पण इंग्रजीने तो मध्ययुगात जुन्या फ्रेंचमधूनच उचलला होता. घरचा शब्द काही शतकांनी परक्या उच्चारात घरी परतला आणि त्याला कोणी ओळखले नाही. आदानप्रदानाचे उदाहरण म्हणून मी हे वर्गात सांगितले, तेव्हा एका विद्यार्थ्याने गंभीरपणे विचारले, “हवा किती ठेवता?”

या भागात १९९७ साली जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर ४४ किलोमीटरांचा, फ्रान्समधील पहिला ‘हरित मार्ग’ तयार झाला. तो डांबरी, सपाट, सुरक्षित. मुलांना घेऊन जाण्यास उत्तम, मला मात्र लवकरच कंटाळवाणा वाटू लागला. माकोंकडून क्लुनीला येताना लागणारा सोळाशे मीटरांचा जुना रेल्वेबोगदा हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात, ही गोष्ट मला फार आवडली. तो बंद झाल्यावर डोंगर चढून जावे लागले, तेव्हा किंचित कमी आवडली.

खरा आनंद क्लुनीच्या पश्चिमेस, शारोलच्या दिशेने. द्राक्षमळ्यांच्या उतारांवर चुनखडीची पांढरी वाट असते. पश्चिमेकडे वळले की पायाखाली ग्रॅनाइटची तांबूस, भरड वाळू येते, चाकांचा आवाज बदलतो आणि डोळे मिटूनही भूगर्भ बदलल्याचे कळते. मग दोन्ही बाजूंना हॉथॉर्न, हेझल, ब्लॅकबेरीची दाट कुंपणे, आणि त्यांच्यामध्ये शतकानुशतकांच्या गाडीचाकांनी व पावसाच्या पाण्याने खचत खचत पुरुषभर खोल गेलेली वाट. ऑक्टोबरात पानांचा थर दगड झाकून टाकतो. अशा वेळी चुकवायच्या दगडाकडे पाहायचे नसते. जेथे जायचे तिकडे पाहायचे, वजन मागे ठेवायचे. हे शिकेपर्यंत माझे दोन्ही गुडघे फुटले होते.

तहान लागली की स्मशानात जावे, हेही तेथेच शिकले. लहान गावांत दुकान नसते, असले तर दुपारी बंद असते. पण थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालण्यासाठी दफनभूमीत नळ बहुधा असतोच. पाणी पिण्याजोगे नसेल तर तशी पाटी असते. पहिल्या वेळी बाटली भरताना माझा हात अडखळला, हे खरे. माझ्या आजीला हे पाणी चालले नसते. तिसऱ्या आठवड्यापासून मी नकाशावर आधी क्रूसाची खूण शोधू लागले.

नोव्हेंबरातील एका दुपारी १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावरील अशीच एक वाट धरून मी चालले होते. दोन कुंपणांमधली ती खोल वाट अचानक वर आली आणि नांगरलेल्या शेतात संपली. संपली म्हणजे नकाशावर संपली नव्हती. समोर तीनेकशे मीटरांवर पलीकडच्या कुंपणातील तिचे तोंड मला स्पष्ट दिसत होते. मध्ये मात्र ओल्या मातीची सरळ तासे होती. ट्रॅक्टरवरचा माणूस थांबला. अत्यंत सौजन्याने त्याने सांगितले, की येथे वाट नाही, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून नाही. आणि मला डांबरी रस्त्याचा पत्ता दिला.

परत आल्यावर मी चौकशी केली. फ्रेंच कायद्यात ग्रामीण वाट सर्वांच्या वापरासाठी असली, तरी ती गावाच्या खाजगी मालमत्तेत मोडते. त्यामुळे ३० वर्षे कोणी ती उघडपणे, हरकतीवाचून नांगरीत राहिला, तर तो तिचा मालक ठरू शकतो. २०२२ च्या एका कायद्याने गावांना आपल्या वाटांची मोजदाद करण्याचा ठराव करण्याची मुभा दिली, आणि ती चालू असेपर्यंत या वर्षांची गणती थांबते. वाट टिकवायची तर कोणीतरी तिच्यावरून चालले पाहिजे. त्या शनिवारच्या सायकलस्वारीला कायद्याच्या दृष्टीने काही अर्थ असू शकतो, असे मला प्रथमच वाटले.

ही सगळी चौकशी निव्वळ जिज्ञासेपोटी मी करीत नव्हते. माझ्या बॅगेत तीन आठवडे एक कागद सहीवाचून पडलेला होता.

पश्चिम महाराष्ट्रात शेतांकडे जाणाऱ्या अशा खोल वाटेस ‘पाणंद’ म्हणतात. कडेला निवडुंग, शेर, घायपात. उन्हाळ्यात गाडीवाट आणि पावसाळ्यात ओढा. गावनकाशात ती दुहेरी तुटक रेषेने दाखवितात. आमच्या मळ्याच्या कडेने अशी एक पाणंद खालच्या वस्तीकडे जात असे. आजोबांच्या हयातीत दरवर्षी नांगराचे एकेक तास तिच्यात सरकत गेले आणि शेवटी ती आमच्या उसात विरली. १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमानुसार अडवलेली वाट खुली करून मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. खालच्या वस्तीतल्या माणसांना कज्जा परवडण्यासारखा नव्हता. ती बांधावरून ये-जा करू लागली. गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या एका म्हातारीवर आजी ओरडली होती, “ही काय वाट आहे होय?” मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. मीही आजीच्या मागे उभी राहून तेच ओरडले आणि मला त्याची मौज वाटली होती.

वडिलांच्या पश्चात सात-बारावर भावाबरोबर माझेही नाव लागले. २०२१ पासून शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली आणि आमच्या गावातही नकाशे बाहेर निघाले. भावाने हरकतीचा अर्ज तयार करून माझ्या सहीसाठी पाठविला. त्यात म्हटले होते, की सदर क्षेत्रातून पाणंद कधीही नव्हती व तेथे आमची पूर्वापार वहिवाट आहे.

‘वहिवाट’ या शब्दापाशी मी दर वेळी थांबत असे. आपल्या या शब्दात वाट ऐकू येते. लोकांच्या जाण्यायेण्यालाही आपण वहिवाट म्हणतो आणि ती वाट नांगरून घेणाऱ्याच्या कब्जालाही वहिवाटच म्हणतो. फ्रेंच भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. फार्सीतून आलेला ‘रस्ता’ आणि संस्कृत ‘वर्त्मन्’पासून झालेली ‘वाट’ यांची तुलना मी ‘रूत’ आणि ‘शमँ’ यांच्याशी वर्गात केली होती: पहिला लॅटिन, ‘फोडून काढलेला’ या अर्थाचा, दुसरा मूळचा गॉल लोकांचा, त्याहून जुना. विद्यार्थ्यांना ती आवडली. वहिवाटीचा उल्लेख मात्र मी त्या तासाला टाळला. उदाहरण समर्पक होते. ते फारच जवळचे होते.

पुढच्या शनिवारी शारोलच्या अलीकडे एका दफनभूमीच्या भिंतीशी टेकून मी बसले असताना भावाचा फोन आला.

“ताई, सही केलीस का? तारीख जवळ आली आहे.”

मी विचारले, “पाणंद किती रुंद होती रे?”

“दोन गाड्या जायच्या म्हणे.”

“म्हणे?”

“मी कुठे बघितली? मला कळायला लागलं तेव्हा तिथे ऊसच होता.”

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी त्याला सांगितले, की पाच वर्षांची असताना आजोबांच्या बैलगाडीतून मी त्या पाणंदीने खालच्या वस्तीला गेले होते; समोरून भरलेली गाडी आली, आणि कोणालाही थांबावे लागले नव्हते. अर्जावर मी सही करू शकत नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, तिकडे आता किती वाजले आहेत.